गावात फुल फायबर आणायचं असेल तर: सामूहिक निधीतून जोडणी मिळवण्याचा योग्य क्रम

ब्रिटनमधल्या लहान गावांत राहणारी मराठी मंडळी एकच प्रश्न वारंवार विचारतात: "शेजारच्या गावात फायबर आलं, मग आमच्या गल्लीचं घोडं कुठे अडलंय?" चौकशी केली की दिसतं, लोक तयार असतात, अर्ज केलेला असतो, वर्गणीचं बोलणंही झालेलं असतं. अडतं ते क्रम चुकल्यामुळे. आधी पैशांचा आकडा ठरवतात आणि नंतर घरं मोजायला बसतात. कोटेशन हातात आल्यावर कळतं की गल्ली खासगी मालकीची आहे. व्हाउचरसाठी, म्हणजे जोडणीच्या खर्चापोटी घरामागे मिळणाऱ्या सरकारी मदतीसाठी, सगळ्यांनी हो म्हटलेलं असतं, पण मंजुरीचा ईमेल निम्म्या लोकांनी उघडलेलाच नसतो. म्हणून खाली पायऱ्या ज्या क्रमाने दिल्या आहेत, त्याच क्रमाने जा.

यातलं बरंचसं इंग्लंडमधल्या ग्रामीण भागाला लागू आहे. वेल्स आणि स्कॉटलंडच्या सरकारांनी वेळोवेळी स्वतःच्या पूरक योजना काढल्या आहेत, त्यामुळे तिथे राहत असाल तर त्या आधी बघा. देशातलं बहुतेक फोन-ब्रॉडबँड जाळं ओपनरीच ही कंपनी सांभाळते, पण हल शहर आणि आसपासचं जाळं केकॉम या स्थानिक कंपनीचं आहे, तिथला मार्ग वेगळा.

नवीन वसाहतीत घर घेतलं असेल तर सामूहिक निधीच्या वाटेला जाण्याआधी बिल्डरला गाठा. इंग्लंडमध्ये २६ डिसेंबर २०२२ पासून बांधकाम नियमांच्या 'आर' भागानुसार नव्या घरांना गिगाबिट (सेकंदाला सुमारे १,००० मेगाबिट वेगाच्या) जोडणीची सोय करून देणं ही बिल्डरची जबाबदारी आहे. त्यासाठी दर घरामागे २,००० पाउंडांची खर्चमर्यादा आहे आणि आधीच परवानगी घेतलेल्या प्रकल्पांना काही काळाची सूट होती, पण लेखी उत्तर मागण्याचा हक्क तुम्हाला आहेच.

## पायरी १: फायबर खरंच नाही ना, आणि येणारही नाही ना, हे पाहा

बिलावर 'फायबर' लिहिलंय म्हणून घरापर्यंत फायबर आहे असं समजू नका. अनेक घरांत फायबर फक्त रस्त्यावरच्या हिरव्या कॅबिनेटपर्यंत येतं आणि तिथून घरापर्यंत जुनी तांब्याची तार असते. या प्रकारात वेग फार तर ८० मेगाबिटपर्यंत जातो आणि कॅबिनेटपासून जितकं अंतर वाढेल तितका घसरतो. गावाच्या टोकाच्या शेतघरात तो ५-६ मेगाबिटवर येणं नवलाचं नाही. फुल फायबर म्हणजे काचेची तार थेट घराच्या भिंतीपर्यंत.

ऑफकॉम या दूरसंचार नियामक संस्थेच्या संकेतस्थळावरच्या तपासणीत नुसता पोस्टकोड टाकून थांबू नका. एका पोस्टकोडात सरासरी १५ पत्ते असतात आणि त्यांतल्या चार घरांना फायबर असून बाकीच्यांना नसणं अगदी नेहमीचं आहे. पूर्ण पत्ता निवडा, निकालाचा स्क्रीनशॉट तारखेसह ठेवा.

मग बघा, तुमच्या भागात कुणाची योजना आधीच आहे का. सरकारचा 'प्रोजेक्ट गिगाबिट' मार्च २०२१ मध्ये सुरू झाला. त्यात बिल्डिंग डिजिटल यूके ही सरकारी यंत्रणा मोठमोठ्या भागांची कंत्राटं देते. तुमचं घर अशा कंत्राटात असेल, किंवा एखादी कंपनी स्वतःच्या पैशाने लवकरच तिथे जाळं टाकणार असेल, तर व्हाउचर सहसा मिळत नाही. आपल्या कौंटी कौन्सिलमध्ये ब्रॉडबँडचं काम पाहणारा माणूस किंवा विभाग असतो. त्यांना ईमेल करून नेमकं हेच विचारा: "या पत्त्यांचा समावेश कुठल्या कंत्राटात आहे का, आणि गिगाबिट व्हाउचर इथे सध्या खुलं आहे का?"

सावधान: व्हाउचर योजना सगळ्या जागी आणि सगळ्या काळी खुली नसते. शेजारच्या गावाला मिळालं होतं, म्हणजे आपल्यालाही मिळेल, हे गृहीत धरून लोकांना शब्द देऊ नका. हे लेखी उत्तर येईपर्यंत गावात पैशांचा विषयही काढू नका.

व्हाउचर बंद आहे असं उत्तर आलं तरी वाट संपत नाही. संपूर्ण खर्च गावाने उचलणं, पॅरिश कौन्सिलची (गावपातळीवरच्या स्थानिक परिषदेची) मदत घेणं किंवा सहकारी पद्धतीच्या संस्थेकडे जाणं हे मार्ग उरतात. आणि सध्याचा वेग १० मेगाबिट डाउनलोड आणि १ मेगाबिट अपलोड यांच्याही खाली असेल, तर मार्च २०२० पासून तुम्हाला किमान सेवेचा कायदेशीर हक्क आहे. त्यात ३,४०० पाउंडांपर्यंतचा जोडणीखर्च तुम्हाला द्यावा लागत नाही. मात्र या हक्कातून फायबरच मिळेल असं नाही, मोबाइल नेटवर्कवरची जोडणीही मिळू शकते.

## पायरी २: घरांची यादी

या पायरीवर वेळ घालवा. पुढची प्रत्येक गोष्ट, म्हणजे कोटेशन, व्हाउचर, वर्गणी, खोदाईचा मार्ग, याच यादीवर उभी राहते.

व्हॉट्सॲप ग्रुप ही यादी नव्हे. ग्रुपवर "आम्ही तयार" म्हणणारे आठ जण असतात, त्यातले दोघे दुसऱ्याच गल्लीतले निघतात, आणि ज्या आजी-आजोबांकडे स्मार्टफोन नाही ते मोजलेच जात नाहीत. एक साधी तक्ता-फाइल करा आणि प्रत्येक घरासाठी हे लिहा: पूर्ण पत्ता, पोस्टकोड, यूपीआरएन, राहणाऱ्याचं नाव, तो मालक आहे की भाडेकरू, ईमेल, फोन, सध्याचा मोजलेला वेग, घरातून व्यवसाय चालतो का, आणि घर संरक्षित वारसा यादीत आहे का.

यूपीआरएन म्हणजे ब्रिटनमधल्या प्रत्येक पत्त्याला दिलेला स्वतंत्र क्रमांक. तो 'फाइंड माय ॲड्रेस' या संकेतस्थळावर फुकट सापडतो. हा रकाना बहुतेक जण रिकामा सोडतात आणि तिथेच पुढची अडचण पेरली जाते. गावात घरांना क्रमांक नसतात, नावं असतात. गोठ्याचं रूपांतर करून केलेली दोन घरं असतील तर टपाल खात्याच्या नोंदीत एकच पत्ता दिसतो, किंवा 'द बार्न' नावाची तीन घरं एकाच पोस्टकोडात निघतात. कंपनीच्या यंत्रणेत पत्ता जुळला नाही की ते घर प्रकल्पातून गळतं, आणि ही गळती कुणी कळवत नाही. काम संपल्यावर ऑर्डर द्यायला गेलं की "तुमच्या पत्त्यावर सेवा उपलब्ध नाही" असं उत्तर येतं. ज्यांचा पत्ता जुळत नाही त्यांनी आताच जिल्हा कौन्सिलच्या पत्ते-नोंदणी विभागाकडे दुरुस्ती मागावी.

दार ठोठावायला जाताना दोघांनी जा, त्यातला एक गावातला जुना रहिवासी असू द्या. आपण नवखे असलो, त्यातून परदेशातून आलेलो असलो, तर लोक सभ्यपणे ऐकून घेतात आणि दार लावतात. पण ओळखीचा माणूस सोबत असला की चहा होतो आणि खरं उत्तर मिळतं. पहिल्या भेटीत सही किंवा पैसे मागू नका. फक्त तीन गोष्टी विचारा: हवं आहे का, सध्या काय त्रास होतो, आणि माहिती कंपनीला दिली तर चालेल का.

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. दुसऱ्याचं नाव, ईमेल आणि फोन त्याच्या संमतीशिवाय कंपनीला पाठवणं डेटा संरक्षण कायद्यात बसत नाही. तक्त्यात "संमती दिली, तारीख" असा रकाना ठेवा.

तपासणी: यादीतल्या प्रत्येक घराला यूपीआरएन आहे? भाडेकरूंच्या घरमालकांचा संपर्क आहे? नको म्हणणाऱ्यांचीही नोंद आहे? नकाराची नोंद नसेल तर नकाशात ते घर रिकामं दिसतं आणि पुन्हा पुन्हा कुणीतरी तिथेच जातं.

## पायरी ३: कुणाकडे जायचं

ढोबळमानाने तीन प्रकारचे पुरवठादार भेटतील.

पहिला प्रकार म्हणजे ओपनरीच. त्यांचा सामूहिक भागीदारीचा मार्ग असा होता: गाव मागणी गोळा करतं, खर्चाचा काही भाग कंपनी, काही व्हाउचर आणि उरलेला गाव भरतं. जाळं झालं की त्यावर अनेक कंपन्या सेवा विकतात, त्यामुळे पुढे दर पटला नाही तर कंपनी बदलता येते. हा मोठा फायदा आहे.

दुसरा प्रकार, लहान स्वतंत्र कंपन्या. त्या बऱ्याचदा लवकर येतात आणि गावाशी नीट बोलतात, पण त्यांच्या जाळ्यावर बहुधा त्यांचीच सेवा मिळते. या क्षेत्रात विलीनीकरणं आणि माघारी चालू आहेत, म्हणून त्यांनी आजवर पूर्ण केलेल्या दोन गावांचे संपर्क मागा आणि तिथल्या लोकांशी स्वतः बोला.

तिसरा प्रकार सामुदायिक लाभ संस्थांचा. लँकशरमध्ये २०११ मध्ये सुरू झालेली 'ब्रॉडबँड फॉर द रूरल नॉर्थ', जिला सगळे 'बार्न' म्हणतात, हे यातलं सर्वांत मोठं उदाहरण. गावकरी संस्थेचे शेअर विकत घेतात, शेतकरी आपल्या शेतातून केबल न्यायला मोफत परवानगी देतात, आणि खोदाईतही गावकरी हात लावतात. रस्त्याच्या डांबराखाली खोदण्यापेक्षा मऊ शेतजमिनीतून नळी टाकणं कितीतरी स्वस्त पडतं, हे त्यामागचं गणित. डाउनलोड आणि अपलोड दोन्ही १ गिगाबिट मिळतं. अंग मोडून काम करायची तयारी असलेलं गाव असेल तर माझं मत याच मार्गाला. पण त्यासाठी आठवड्याच्या सुट्टीत फावडं धरणारी माणसं लागतात. नुसता ग्रुपवर अंगठा दाखवणारी असतील तर हा मार्ग धरू नका.

एकाच वेळी दोन पुरवठादारांकडे चौकशी करायला हरकत नाही, पण गावाने व्हाउचरसाठी नोंद मात्र एकाकडेच करायची. एका घराचं व्हाउचर दोन प्रकल्पांत अडकलं की दोन्ही प्रकल्पांची मोजणी बिघडते.

## पायरी ४: जमिनीची परवानगी, कोटेशनच्या आधी

केबल खासगी जमिनीवरून, खासगी गल्लीखालून किंवा कुणाच्या कुंपणातल्या खांबावरून जाणार असेल तर मालकाची लेखी परवानगी लागते. तिला इथे वेलीव्ह म्हणतात. कंपन्या ती स्वतः मिळवतात हे खरं, पण कुणाची जमीन कुठून कुठपर्यंत हे त्यांना गावाइतकं कळत नाही. सर्व्हे करणारा माणूस कार्यालयातल्या नकाशावर मार्ग आखतो. त्या मार्गात कुणाची ना-हरकत अडली की मार्ग बदलतो, मार्ग बदलला की खर्च बदलतो, आणि तुम्ही गावाला सांगितलेला आकडा खोटा ठरतो.

म्हणून घरांची यादी करतानाच सर्वेक्षण नकाशाची एक छापील प्रत घ्या आणि त्यावर तीन रंगांनी खुणा करा: सार्वजनिक रस्ता, मालक माहीत असलेली खासगी जमीन, मालक माहीत नसलेली जमीन. तिसऱ्या रंगासाठी लँड रजिस्ट्रीत थोडं शुल्क भरून नोंद काढता येते. सर्वांत जास्त घोळ खासगी गल्ल्यांचा होतो. दहा घरं जिचा वापर करतात त्या गल्लीची मालकी कधी पहिल्या घराकडे, कधी सगळ्यांकडे अर्धी-अर्धी रस्त्याच्या मध्यापर्यंत, तर कधी केव्हाच परगावी गेलेल्या कुटुंबाकडे असते.

शेतकऱ्याशी बोलताना तो विचारेल ते तीन प्रश्न आधीच तयार ठेवा: नळी किती खोल जाईल, नांगराला लागेल का, आणि जमीन पूर्ववत कोण करून देणार. याचं उत्तर कंपनीकडून लेखी घेऊनच त्याच्या दारात जा. पेरणीच्या आणि कापणीच्या दिवसांत जाऊ नका. त्या दिवसांत मिळालेला नकार कधी कधी नुसत्या घाईचा असतो, पण कागदावर तो नकारच राहतो.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी फ्रीहोल्डरला लिहावं. मालक उत्तरच देत नसेल तर २०२१ च्या लीजहोल्ड मालमत्तेसंबंधीच्या दूरसंचार कायद्याने कंपनीला न्यायाधिकरणाकडे जाण्याची वाट दिली आहे. अर्ज कंपनीने करायचा असतो. पण रहिवाशाने सेवा मागितल्याची नोंद लागते. ती तुम्ही करा.

घर संरक्षित यादीत असेल तर बाहेरच्या भिंतीला छिद्र पाडण्याआधी स्थानिक प्लॅनिंग विभागाला विचारा. परवानगीविना केलेलं काम घर विकताना डोकं वर काढतं, आणि तेव्हा बोलणी मालकालाच खावी लागतात.

तपासणी: नकाशावर तिसऱ्या रंगाचा एकही तुकडा उरलेला नाही ना? उरला असेल तर पुढच्या पायरीवर जाऊ नका.

## पायरी ५: कोटेशन आणि पैशांचं गणित

कोटेशन आलं की एकूण आकड्यावर नजर खिळते. त्याआधी चार गोष्टी वाचा. आकडा २० टक्के व्हॅट धरून आहे की सोडून? किती घरांना जोडणी मिळेल, आणि 'जोडता येईल' म्हणजे केबल खांबापर्यंत की भिंतीपर्यंत? नळी तुंबलेली निघाली किंवा खडक लागला तर जादा खर्च कुणाचा? ठरलेल्यापेक्षा कमी लोकांनी शेवटी सेवा घेतली तर तूट कोण भरणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर करारात शोधा. सरकारी व्हाउचरचे पैसे जोडणी चालू झाल्यावर, त्या त्या घरामागे, पुरवठादाराला मिळतात. ज्या घराने हो म्हणून शेवटी ऑर्डर दिली नाही, त्याचे पैसे येत नाहीत.

उदाहरण घेऊ. २०२३ पासून घरामागे कमाल ४,५०० पाउंड अशी व्हाउचरची मर्यादा होती. तीस घरांचं गाव कागदावर १,३५,००० पाउंडांपर्यंत जातं. कोटेशन १,२०,००० चं आलं तर सगळे खूश होतात आणि "एक पैसा भरावा लागणार नाही" असं गावभर होतं. पण मंजुरी बावीसच घरांनी दिली तर व्हाउचरचे ९९,००० होतात आणि २१,००० ची खिंडार उघडी पडते. बावीस घरांत वाटली तर घरटी साडेनऊशेच्या वर. हा हिशेब आधीच तीन परिस्थितींसाठी मांडा: सगळे आले तर, तीन चतुर्थांश आले तर, अर्धे आले तर. गावाच्या बैठकीत मधला आकडा सांगा.

वर्गणी समान ठेवायची की ऐपतीप्रमाणे? समान वर्गणी ऐकायला न्याय्य वाटते, पण गावात निवृत्तिवेतनावर जगणारी एकटी बाईही असते आणि घरातून कंपनी चालवणाराही असतो. मी ऐपतीप्रमाणे, स्वेच्छेने आणि आकडा गुप्त ठेवून घ्या असं सुचवेन. आणि हे पहिल्याच बैठकीत उघड सांगून टाका की खुल्या जाळ्यावर वर्गणी न दिलेल्या घरालाही उद्या सेवा घेता येईल. हे नंतर कळलं तर दिलेले लोक दुखावतात. आधी कळलं तर बहुतेक जण तरीही देतात.

पैसे कुणाच्याही खासगी खात्यात घेऊ नका, सचिवाच्याही नाही आणि तुमच्याही नाही. गणपतीच्या वर्गणीला पावतीपुस्तक असतं तसंच इथेही हवं: वेगळं खातं, दोन सह्या, प्रत्येकाला पावती, आणि प्रकल्प फसला तर पैसे कसे परत मिळतील याचा एक लेखी परिच्छेद.

गाव स्वतः पैसे भरणार असेल तर करारावर सही करायला कायदेशीर संस्था लागते. दोन पर्याय वापरात आहेत: हमीने मर्यादित कंपनी (जिला भागभांडवल नसतं, सभासद ठरावीक रकमेची हमी देतात) स्थापन करणं, किंवा पॅरिश कौन्सिलने सही करणं. कंपनी स्थापन करणं सोपं आहे, पण तिचं वार्षिक विवरणपत्र आणि हिशेब कंपनीज हाउस या सरकारी नोंदणी कार्यालयाकडे दरवर्षी भरावे लागतात, काम संपल्यावरही, जोवर ती रीतसर बंद होत नाही तोवर. कौन्सिलकडे जायचं तर विषय सभेच्या विषयपत्रिकेवर निर्णयासाठी आलेला असावा. विषयपत्रिका सभेच्या किमान तीन पूर्ण दिवस आधी लावावी लागते. ऐनवेळी उभं राहून मांडलेल्या विषयावर कौन्सिल चर्चा करेल, खर्चाचा ठराव करू शकणार नाही, आणि तुमचा एक महिना तिथेच जाईल.

## पायरी ६: व्हाउचरची मंजुरी, म्हणजे एक ईमेल

सर्वाधिक प्रकल्प इथे लंगडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

घराने पुरवठादाराच्या संकेतस्थळावर नाव नोंदवलं म्हणजे व्हाउचर मिळालं असं नव्हे. ती फक्त इच्छा. पुरवठादार ती सगळी नावं सरकारी यंत्रणेकडे पाठवतो. मग सरकारकडून प्रत्येक घराच्या नावे थेट ईमेल येतो आणि त्यातल्या दुव्यावर जाऊन त्या माणसाने स्वतः मंजुरी द्यायची असते, ठरलेल्या मुदतीत. मुदत टळली की ते व्हाउचर पडतं.

हा ईमेल का हरवतो? तो पुरवठादाराच्या नावाने येत नाही, म्हणून लोक फसवणूक समजून खोडतात. तो स्पॅममध्ये जातो. नोंदणी नवऱ्याने केलेली असते आणि बायको दुसऱ्या पत्त्यावर वाट बघत असते. ईमेल टाइप करताना एक अक्षर चुकलेलं असतं. किंवा माणूस नेमका तेव्हा भारतात गेलेला असतो. डिसेंबरात मराठी घरं हमखास बाहेर असतात, तेव्हा पुरवठादाराला आधीच विचारा की ईमेल कोणत्या आठवड्यात सुटणार आहेत.

उपाय साधा आहे, पण कुणीतरी तो करायला हवा. गल्लीनिहाय एक-एक माणूस नेमा, प्रत्येकाकडे आठ-दहा घरांपेक्षा जास्त नकोत. ईमेल सुटले त्या दिवशी त्याने घरोघर फोन करायचा: "आला का? कुणाकडून आला ते वाचून दाखवा. दुवा उघडला का? शेवटी मंजुरी नोंदवल्याचं पान दिसलं का?" ज्येष्ठांच्या घरी प्रत्यक्ष जाऊन बसायचं. तक्त्यात 'नोंदणी' आणि 'मंजुरी' असे दोन वेगळे रकाने ठेवा, आणि दुसरा भरल्याशिवाय घर मोजू नका.

भाडेकरूही व्हाउचर घेऊ शकतो, कारण ते सेवा घेणाऱ्याच्या नावे असतं. मात्र भिंतीला छिद्र पाडायला घरमालकाची परवानगी हवी. व्यवसायाच्या नावे अर्ज असेल तर मिळालेल्या इतर सरकारी मदतीची घोषणा द्यावी लागते.

सावधान: व्हाउचरसाठी बँकेचे तपशील कुणीही मागत नाही, कारण पैसे तुमच्या खात्यात येतच नाहीत, ते पुरवठादाराला जातात. फोनवर कार्ड क्रमांक मागणारा माणूस ठग आहे. हे वाक्य गावाच्या फलकावर लावा.

मंजुरी देताना किमान १२ महिन्यांची सेवा घेण्याची अट तुम्ही स्वीकारता. चार-सहा महिन्यांत घर विकणार असाल तर गल्लीच्या माणसाला तसं सांगा.

## पायरी ७: काम चालू असताना

इथे गावाला करण्यासारखं कमी आणि धीर धरण्यासारखं जास्त असतं. रस्ता खोदायला महामार्ग प्राधिकरणाचा परवाना लागतो. नुकतंच डांबरीकरण झालेल्या रस्त्यावर खोदाईला काही काळ बंदी असू शकते. जुन्या नळ्या चिखलाने किंवा झाडाच्या मुळांनी तुंबलेल्या निघतात. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एक वर्ष सहज जातं, त्याहून जास्तही. लोकांना आधीच तसं सांगा.

महिन्यातून एकदा, बातमी नसली तरी, सगळ्यांना चार ओळी पाठवा. गप्प राहिलं की लोक दुसऱ्या कंपनीचा दोन वर्षांचा करार करून बसतात आणि मग वेळेवर ऑर्डर देऊ शकत नाहीत. याच काळात प्रत्येकाने आपला सध्याचा करार कधी संपतो ते तक्त्यात लिहावं.

## पायरी ८: ऑर्डर आणि घरातली जोडणी

जाळं तयार झालं तरी फायबर आपोआप घरात येत नाही. ऑर्डर प्रत्येकाने स्वतः द्यायची असते, आणि व्हाउचरच्या अटीत बसणारं पॅकेज निवडायचं असतं. सर्वांत स्वस्त पॅकेज अटीत बसतं का, हे पुरवठादाराला विचारून गावाला एकदाच कळवा. जानेवारी २०२५ नंतरच्या करारांत मध्येच होणारी दरवाढ पाउंड आणि पेन्समध्ये आधीच सांगणं कंपन्यांना बंधनकारक आहे, तो आकडा बघूनच सही करा.

जुनी सेवा स्वतः बंद करू नका. नव्या कंपनीला कळवा. सप्टेंबर २०२४ पासून घरगुती ग्राहकांची बदली नवी कंपनीच पार पाडते. आधीच लाइन तोडली की वर्षानुवर्षांचा फोन क्रमांक हातचा जाऊ शकतो.

घरात नेमकं काय होतं? खांबावरून किंवा जमिनीतल्या नळीतून बारीक केबल येते, बाहेरच्या भिंतीवर एक छोटी डबी बसते, भिंतीला छिद्र पडतं आणि आत ओएनटी नावाचा पांढरा डबा लागतो. त्याला स्वतःचा विजेचा सॉकेट हवा. तंत्रज्ञ घाईत असेल तर बाहेरच्या तारेला जवळची खोली निवडतो, आणि मग डबा जिन्याखालच्या कपाटात जातो. जुन्या दगडी घरांच्या भिंती दोन-दोन फूट जाड असतात, तिथून वाय-फाय स्वयंपाकघरापर्यंतही पोचत नाही. तो यायच्या आधी घरच्यांनी मिळून जागा ठरवा, टेप लावून खूण करा, समोरचं सामान हलवा. काचेच्या तारेला तीव्र वळण सोसत नाही, म्हणून दाराच्या बिजागरीजवळून किंवा सोफ्यामागे चेपून ती नेऊ देऊ नका.

तंत्रज्ञ जाण्याआधी डब्यावरचे दिवे बघा. 'पॉन' लिहिलेला दिवा स्थिर हिरवा हवा. 'लॉस' लिहिलेला लाल लुकलुकत असेल तर प्रकाश पोचत नाही, त्याला थांबवून घ्या. वेग मोजायचा तो लॅपटॉप तारेने राउटरला जोडून. वाय-फायवर मोजून "गिगाबिट येत नाही" अशी तक्रार केली तर तुमची खरी तक्रारही कुणी ऐकणार नाही.

सावधान: फायबरवरचा लँडलाइन फोन वीज गेली की बंद पडतो. जुनं फोन जाळं जानेवारी २०२७ अखेर बंद होणार आहे, त्यामुळे हा बदल टळणारा नाही. घरात गळ्यातल्या बटणाचा आपत्कालीन अलार्म असेल, किंवा मोबाइलला रेंज नसलेल्या घरात वृद्ध एकटे राहत असतील, तर ऑर्डर देतानाच कंपनीला सांगा. अशा ग्राहकांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन क्रमांक लावता येईल अशी सोय कंपनीने करायची असते. अलार्म देणाऱ्या संस्थेलाही वेगळं कळवा आणि जोडणी झाल्यावर बटण दाबून चाचणी घ्या.

## पायरी ९: दुसरा ईमेल आणि हिशेब

जोडणी चालू झाल्यावर सरकारकडून पुन्हा एक ईमेल येतो: सेवा खरंच सुरू झाली का? याला उत्तर दिल्याशिवाय पुरवठादाराचे पैसे सुटत नाहीत. लोकांना आता काम झालेलं असतं, त्यामुळे हा ईमेल पहिल्यापेक्षाही जास्त दुर्लक्षिला जातो. गल्लीच्या माणसांना पुन्हा फोन करायला लावा आणि तक्त्यात तिसरा रकाना उघडा.

गल्ली आणि शेतजमीन पूर्ववत झाली का, ते मालकासोबत फिरून पाहा आणि काम होण्याआधी काढलेल्या फोटोंशी ताडून बघा. तक्रार असेल तर कंपनीचा कंत्राटदार गावातून जाण्याआधी लेखी द्या.

उरलेले पैसे ठरलेल्या परिच्छेदाप्रमाणे परत करा आणि जमाखर्चाचं एक पान सगळ्यांना पाठवा. मग खातं बंद करा, कंपनी स्थापन केली असेल तर ती रीतसर नोंदणीतून काढा, आणि लोकांची वैयक्तिक माहिती असलेला तक्ता खोडून टाका. फक्त वेलीव्हचा नकाशा आणि परवानग्यांच्या प्रती पॅरिश कौन्सिलच्या दप्तरी ठेवायला द्या, कारण केबल दुरुस्तीला किंवा नव्या घराच्या जोडणीला माणूस येईल तेव्हा पहिल्यांदा तेच मागेल.